काट्यावर न चढलेली माणसं

कराडात आमच्या गल्लीतला रद्दीवाला जतकडचा. त्याला कन्नड वाचता येतं, मराठी नाही. तरी काट्यावर ठेवण्याआधी तो प्रत्येक अंक उलगडतो आणि पुण्यस्मरणाच्या जाहिरातींतले फोटो कापून घेतो. "माणसं तोलत न्हाईत, ताई," म्हणतो. ती कात्रणं कडुनिंबाच्या पाल्यात घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतो.

मला हे खूळ वाटायचं. मग साफसफाईत आईच्या पुण्यस्मरणाचा अंक माझ्याच हातून रद्दीत गेला, आणि सांगलीहून भावाने नेमका तोच मागितला. मी दुकानात जाऊन आईचा फोटो मागितला.

त्याने नाव विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमच्यागत नाक, पर जरा हसऱ्या. त्याच न्हवं?"

पेटी उघडली. उन्हाच्या पट्ट्यात कितीतरी चेहरे शेजारी शेजारी पडले होते.

"दुपारी डोळा लागला की आपापसात बोलत्यात," तो म्हणाला. "तुमच्या आई लय बोलत्यात."

आई खरंच कधी गप्प बसायची नाही.

मी मोबाईलवर आईच्या कात्रणाचा फोटो काढून भावाला पाठवला. कात्रण पेटीतच राहू दिलं. घरी आणलं असतं, तर पुढच्या साफसफाईत मीच ते पुन्हा रद्दीत घातलं असतं.