खिडकीतले फ्लास्क

काही लोक सकाळी उठून शेअरबाजार बघतात, काही वजनकाट्यावर उभे राहतात. मी माझ्या शोधनिबंधाचा दाखला जगात आणखी कुणी दिला का, ते बघते. पनवेलच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या नावावर निबंध बरेच असतात, बढतीसाठी लिहावेच लागतात. माझे बहुतेक निबंध मी आणि परीक्षक यांच्यापलीकडे कुणी वाचलेले नाहीत. नाव झालं ते एकाच निबंधाने. तळोज्याजवळच्या एका नाल्याच्या गाळात मला एक जिवाणू सापडला होता. कापडाच्या निळ्या रंगाच्या पाण्यात तो सोडला की आठवड्यात पाणी नितळ होतं, असं मी लिहिलं. देशोदेशींच्या लोकांनी त्याचा आधार घेतला आणि यंदा कॉलेजने माझा सत्कार ठरवला. फ्लेक्सवर छापायला प्राचार्यांनी दाखल्यांचा आकडा मागितला. मी त्या सकाळचा ताजा आकडा दिला.

त्याच आठवड्यात नागपूरहून पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण माझ्या जिवाणूवर उभं होतं आणि मी पाठवलेला जिवाणू तिच्याकडे रंगाला तोंड लावत नव्हता. दोन वर्षं गेली होती, मार्गदर्शक चिडले होते. तिने नवा नमुना मागितला, तोही माफी मागत मागत.

मी फ्रीजरमधली कुपी काढली, जिवाणू वाढवला, निळं पाणी दिलं. आठवड्यानेही पाणी निळंच. पुन्हा केलं, पुन्हा निळं. मी रसायनांवर, विजेवर, पुरवठादारावर, सगळ्यांवर संशय घेतला. स्वतःवर नाही.

काचसामान धुणारे मामा माझ्याआधीपासून प्रयोगशाळेत आहेत. फ्लास्क विसळताना ते सहज म्हणाले, "यंदा खिडकीत नाय ठेवत का, मॅडम?"

कुठल्या खिडकीत, मी विचारलं.

"तवा इनक्युबेटर बंद पडला होता ना. तुमीच बोललात, खिडकीत ठेवा, ऊब हाय तिकडं. बिनजिवाणूचे मावले नाय, ते आमी कपाटात ठेवले."

बिनजिवाणूचे म्हणजे तुलनेसाठी ठेवलेलं नुसतं निळं पाणी; ते निळंच राहिलं, म्हणून मी श्रेय जिवाणूला दिलं होतं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सर्व फ्लास्क एकाच जागी. मी जाऊन बघितलं नव्हतं. खिडकी पश्चिमेची, तिला पडदे नंतर लागले, तपासणी समिती येणार म्हणून.

मी पडदा सारला आणि जिवाणू न घालता निळं पाणी तिथे ठेवलं. आठवड्यात ते नितळ झालं. काम उन्हाने केलं होतं. सहलेखक म्हणून मी तेव्हाच्या विभागप्रमुखांचं नाव घातलं होतं, ज्यांनी प्रयोगशाळेत पाऊलही टाकलं नव्हतं. सूर्याचं राहून गेलं.

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला चूक कळवणारं पत्र सत्कारानंतर पाठवलं तर चालणार नाही का, त्यांनी विचारलं. "मॅडम, विज्ञानात चुका होतच असतात. फ्लेक्स मात्र एकदाच छापतात."

मला ते पटलं, हीच पंचाईत. दोन दिवस मी पत्राचा मसुदा उघडत होते आणि मिटत होते, शिकवता शिकवता उठून खिडकीशी जात होते. पण त्या मुलीची प्रबंध सादर करायची तारीख सत्काराच्या आधीची होती. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन करून खिडकी, कपाट, वही, सगळं सांगितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "मला वाटत होतं, माझाच हात वाईट आहे."

पत्र मी त्याच दुपारी पाठवलं. सत्कार झालाच, फक्त तो दीर्घ अध्यापनसेवेबद्दल झाला. फ्लेक्सवरच्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यातून आकडा स्पष्ट दिसत होता. मुलीने मुदत वाढवून घेतली आहे. रंग का जात नाही, यावर ती आता नवं प्रकरण लिहिते आहे.

नियतकालिकाचं उत्तर अजून नाही. मी रोज सकाळी बघते. काल आकडा एकाने वाढला. परदेशातल्या कुणीतरी माझ्या निष्कर्षांना पूर्ण दुजोरा मिळाल्याचं लिहिलं आहे. त्यांच्या प्रयोगशाळेची खिडकी कुठल्या दिशेला आहे, हे विचारणारं पत्र मी लिहायला घेतलं आहे.