चांदाची सतरावी

अब्बांचा उजवा खांदा आखडला होता. उदगीरच्या आमच्या शिलाईच्या दुकानात कापड बेतायचं काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत, आणि आता कात्री उचलली की दात आवळत. बकरीदचे कपडे येऊन पडले होते. त्यांनी हिजामा करायचं ठरवलं. पाठीवर तुंबडीसारखे कप चढवायचे, बारीक चिरे द्यायचे, रक्त ओढून काढायचं. चांदाच्या महिन्याची सतरा, एकोणीस किंवा एकवीस तारीख हवी, पोट रिकामं हवं. ती सतरावी होती.

नांदेडच्या एका वर्तमानपत्रात मी बातम्या तपासतो; सुट्टीवर घरी आलो होतो. या विषयावर मिळेल ते वाचलं होतं. मान-पाठीच्या दुखण्यात काहींना आराम पडतो, पुरावा तोकडा आहे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय चिरे देऊ नयेत. हृदयात स्टेंट बसवल्यापासून अब्बा तीच गोळी रोज सकाळी घेत. निघण्यापूर्वी मी हे सांगितलं.

"पैगंबरांची रीत, सुन्नत हाय ती. तुझा पेपर न्हाई," अब्बा म्हणाले.

हिजामाच्या दवाखान्यात आणखी लोक बसले होते. हिजामा करणाऱ्याने हातमोजे चढवले. "चाचा, कोणती गोळी चालू हाय का?"

"न्हाई. सकाळपासून पाण्याचा घोट बी न्हाई."

पाकिटातून नवं पातं निघालं. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. चारचौघांत बापाला खोटं पाडायचं नव्हतं. पातं पाठीजवळ आलं तेव्हा मी गोळीचं नाव सांगितलं.

"आज घेतलीच न्हाई, तर चालू कशी?" अब्बा ओरडले. उपाशीपोटी जायचं म्हणून त्यांनी गोळीही टाळली होती. त्यांच्या हिशेबाने रक्त आज साफ होतं.

"एका दिवसात असर जात न्हाई, चाचा. न विचारता गोळी बंद बी करू नका." त्याने पातं ट्रेमध्ये ठेवलं. "आज नुसते कप लावतो. चिऱ्यांचं डॉक्टरला विचारून या."

पाठीवर जांभळे गोल उठले. बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "पेपरवाल्याला सोबत आणू न्हाई. घरचीच बातमी फोडतो."

दुकानात त्यांनी आधी गोळी गिळली, मग कात्री उचलली. हात अर्ध्यातच थांबला. मी कापडाचं दुसरं टोक धरलं. ते त्यांनी ओढून घेतलं.

"परवा एकोणिसावी," ते म्हणाले. "डॉक्टरला उद्याच विचार. आन् पुरं सांग, काटछाट करू नको."