वैजूनं शिकवलेली बॅटिंग

एप्रिलमधला रविवार होता. लालबागला मसाल्याच्या गल्लीत मी मिरच्या कुटायच्या डंकावर उभी होते. भाजलेल्या मिरच्यांची पिशवी पुढ्यात, तोंडाला ओढणी बांधलेली, आणि माझ्या आधी अजून चार-पाच बायका. तेवढ्यात प्रकाशचा फोन आला. प्रकाश म्हणजे वैजूचा नवरा. तो मला कधी फोन करत नाही, त्यांच्या घरचे सगळे फोन वैजूच करायची. त्यामुळे त्याचं नाव दिसताच मी तोंडावरची ओढणी खाली ओढून फोन घेतला. "शुभा, वैजू गेली गं," तो म्हणाला, "सकाळी चहा ठेवला, हाक मारली, तर उठलीच नाही..." मी पिशवी तिथेच ठेवून निघाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या गल्लीत ते सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहतं. कुणी काही विचारलं नाही, ते बरंच झालं. संध्याकाळी डंकवाल्यानं मसाला कुटून घरी पोचवला. त्यातला अर्धा दरवर्षीप्रमाणे वैजूचा होता.

आता दीड-दोन महिने उलटून गेलेत. पहिले काही दिवस तिची आठवण आली की नुसतं रडू यायचं. हल्ली मात्र हसू येतं. वैजू होतीच तशी.

आमची ओळख कॉलेजातली, सॉफ्टबॉलमुळे झालेली. मी गिरगावातली, वडील कारकून, घरात खेळाचा गंध नाही. ती माझगावची, वडील गोदीत कामाला, घरात मालवणी बोलणारी. कॉलेजात मुलींची टीम नुकतीच निघाली होती. वैजू पिचर झाली, कारण तिचा हात मुळातच तसा फिरायचा. खांद्यापासून गिरणीच्या चाकासारखा पूर्ण गोल, आणि मांडीजवळ मनगटातून बॉल असा सुटायचा की समोरची मुलगी बॅट उचलेपर्यंत तो माझ्या ग्लोव्हमध्ये आलेला असायचा. मी कॅचर. ते काम कुणालाच नको होतं, तासन्‌तास उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी, पायाला पॅड. मी बुटकी म्हणून मला बसवलं. पण कॅचरला एक गोष्ट मिळते. बाकी सगळी टीम पिचरची पाठ बघते, फक्त कॅचर तिचा चेहरा बघते. वैजूचा चेहरा मी इतका बघितला की पुढे पुढे कुठला बॉल टाकायचा ते ठरवायला बोटांनी खुणा करायचीही गरज उरली नाही. तिनं ओठ दुमडले की वेगाचा बॉल. डोळ्यांत जरा हसू आलं की समजायचं, आता हळू टाकून समोरचीला फसवणार.

गंमत म्हणजे वैजूला स्वतःला बॅटिंग अजिबात येत नव्हती. टीममध्ये सगळ्यात शेवटी तिचा नंबर. ती बॅट घेऊन उभी राहिली की आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या आवरायला घ्यायचो, इतकी खात्री. तीही परत येताना हसत यायची.

कॉलेज संपलं, ती एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात लागली, मी विम्याच्या. लग्नं झाली. मी लालबागच्या चाळीत आले, ती माझगावातच राहिली. तिला मूल झालं नाही, मला बऱ्याच उशिरा जुई झाली. जुई तिला वैजूमावशी म्हणायची आणि माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकायची. शाळेत सॉफ्टबॉल आहे म्हटल्यावर जुईनं आपणहून नाव दिलं, तेव्हा आम्हा दोघींना कोण आनंद झाला होता!

जुईचा हात जड होता. सरावाला साध्या बॉलवर ती असे फटके मारायची की बॉल कुंपणापलीकडे. पण सामन्यात वेगवान पिचर आली की सगळं बिघडायचं. आठवीत असताना परळच्या मैदानावर एक सामना झाला. तिन्ही बेसवर आपल्या मुली उभ्या, एक फटका बसला असता तर सामना जिंकलो असतो. जुईनं तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा वाऱ्यावर. घरी येऊन तिनं बॅट पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, "आई, मला नाही खेळायचं. मी गिटारच्या क्लासला जाते."

वैजू तो सामना बघायला आली होती. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, पलंगाखालून बॅट ओढून काढली आणि जुईच्या समोर बसली. "तुका आऊट करूक माका दोन मिनिटं लागतली," ती म्हणाली. चिडली किंवा रंगात आली की ती मालवणीत शिरायची. "आता मुद्दाम बाहेरचा, हळू बॉल टाकणार, हे मला मैदानाबाहेर बसून कळत होतं. त्याला तू फसणार, हे त्या पिचरलाही कळलं होतं. फक्त तुलाच नाही."

"मावशी, तुला बॅटिंग येते तरी का?" जुईनं तोडूनच टाकलं.

"नाही येत," वैजू म्हणाली. "पण बॅटर कशी फसते ते मला येतं. आयुष्यभर तेवढंच केलंय."

मग तिनं सांगितलं. बॉल यायच्या आधीच जुईचा पुढचा पाय मागच्या बाजूला, बॉलपासून लांब पळायचा. पाय गेला की खांदा जायचा, खांद्याबरोबर मान वळायची आणि डोळे बॉलवरून उठायचे. त्यात दोन्ही हात अंगापासून दूर फेकत ती बॅट फिरवायची, दारातून मोठी शिडी फिरवून न्यावी तशी. जोर भरपूर, पण बॅट बॉलपर्यंत पोचायला उशीर. "हे सगळं मोडून नव्यानं बसवायला लागेल," वैजू म्हणाली, "आणि बसेपर्यंत तू आहेस त्याहून वाईट खेळशील. चालेल?" जुई माझ्याकडे बघायला लागली.  शेवटी तीच म्हणाली, "गिटारचा क्लास पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत बघू."

आणि आमच्या चाळीच्या गॅलरीत वैजूची शाळा सुरू झाली. दर शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की ती यायची. गॅलरी अरुंद, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला खोल्यांची भिंत. वैजूला ती भारीच पसंत पडली. बॅटचं एक टोक जुईच्या पोटाला आणि दुसरं भिंतीला, एवढ्या अंतरावर ती तिला भिंतीकडे तोंड करून उभी करायची आणि सांगायची, "आता फिरव. भिंतीला लागता कामा नये." हात अंगाजवळून आले तर बॅट न घासता फिरते, लांब फेकले तर भिंतीवर खर्र करून घासते. पहिले काही शनिवार नुसतं खर्र आणि खर्र. चुन्याचे पोपडे खाली. शेजारचे सावंतकाका आधी तक्रार करायला बाहेर आले, मग खुर्ची घेऊनच बसायला लागले. पेपरातून डोळे न उचलता ते प्रत्येक वेळी ओरडायचे, "लागली!"

पायासाठी वैजूनं चपला वापरल्या. जुईच्या पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला घरातल्या सगळ्या चपलांची ओळ लावायची. पाय पळाला की चपलेवर पडणार. कमरेसाठी तिनं बॅट जुईच्या पाठीमागे आडवी धरायला लावली, दोन्ही कोपरांत अडकवून, आणि नुसतं वळायला सांगितलं. "आधी कंबर, मग हात. हात मागाहून येतात, त्यांना ओढायचं नाही." डोळ्यांसाठी रबरी बॉलवर लाल, निळे, हिरवे ठिपके काढले. खाली चौकात ती बॉल टाकायची आणि जुईनं बॅट फिरवायची नाही, फक्त ठिपक्याचा रंग सांगायचा. महिना उलटला तरी गिटारच्या क्लासचं नाव कुणी काढलं नाही.

मग जिल्ह्याच्या टीमची निवड आली. वैजूला वाटत होतं, जुईनं जाऊ नये, अजून हात बसलेला नाही. पण शाळेतून नाव गेलं होतं आणि जुईलाही जायचं होतं. व्हायचं तेच झालं. बॉल आला की निम्मं शरीर जुन्या सवयीनं जायचं, निम्मं नव्या. साधे बॉलही हुकले. संध्याकाळी यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. तिच्याच शाळेतल्या, तिच्याहून कच्च्या एका मुलीचं होतं.

जुई वैजूवर भडकली. "मावशी, माझी जुनी बॅटिंग असती तर त्यांनी मला घेतलं असतं!"

"हो," वैजू म्हणाली, "घेतलं असतं."

 जुई आत निघून गेली. मी वैजूला सोडायला जिन्यापर्यंत गेले. माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. मी विचारलं, "खरं सांग, तुला खात्री आहे ना?" ती दोन पायऱ्या खाली उतरली होती, तिथे थांबली. "पायाची आहे," ती म्हणाली, "हातांची अजून नाही. पण शुभे, ती आत्ता मधेच आहे. जुनं गेलंय आणि नवं आलेलं नाही. आत्ता सोडलं तर पोर मधेच राहील. मला भीती वाटते ती तेवढीच." वैजूच्या तोंडून भीती हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या शनिवारी ती नेहमीसारखी आली. जुई खोलीतून बाहेर आली नाही. मी बोलवायला निघाले तर वैजूनं हातानंच अडवलं. सावंतकाकांशी गप्पा मारत चहा प्यायली आणि गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या वेळी मात्र चहा झाल्यावर ती उठली, कोपऱ्यातली बॅट घेतली, पदर खोचला आणि भिंतीसमोर स्वतःच उभी राहिली. पहिल्याच फटक्याला बॅट भिंतीवर अशी आदळली की वरच्या मजल्यावरचे लोक डोकावले. "लागली!" सावंतकाका म्हणाले. दुसरी. "लागली!" तिसरी, चौथी... काकांनी पेपर खाली ठेवला. आतून खुसखुसण्याचा आवाज यायला लागला, मग जोरात हसण्याचा, आणि शेवटी जुई दारात आली. "मावशी, अगं असं काय करतेस? हात आंगाक लाव, हात!" तिनं वैजूचीच नक्कल केली. मग मागे उभं राहून तिचे कोपर धरले, पाय सरळ केला, कंबर कशी फिरवायची ते स्वतः करून दाखवलं. दाखवताना बॅट भिंतीजवळून गेली आणि लागली नाही. पुन्हा करून दाखवलं, पुन्हा लागली नाही. वैजू बाजूला होऊन बघत राहिली. तिच्या डोळ्यांत ते हळू बॉलच्या आधीचं हसू होतं. ते ओळखणारी तिथे मी एकटीच होते.

नंतर मी तिला विचारलं, हे नाटक होतं ना? तर म्हणाली, "नाटक कसलं गो? माका खराच येणा नाय."

पुढल्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच शाळेविरुद्ध सामना होता, आणि समोर तीच पिचर, आता आणखी वेगवान. जुईनं होमरन वगैरे मारला नाही. पहिले दोन स्ट्राइक गेले, तिसरा गेला की आऊट. मग त्या मुलीनं तो बाहेरचा हळू बॉल टाकला. जुईचा पाय हलला नाही. ती थांबली, थांबली, आणि शेवटच्या क्षणी बॅटचं टोक लावून तो बाजूच्या रेषेबाहेर काढला, म्हणजे आऊट नाही, पिचरनं पुन्हा बॉल टाकायचा. फाऊल. पुढचाही फाऊल. त्याच्या पुढचाही. पिचर वैतागली, आणि माझ्या शेजारी बसलेली वैजू उभीच राहिली. "आता ही आऊट होत नाही," ती म्हणाली, "आता ती पोरगी थकेल." तसंच झालं. एक बॉल मधोमध आला आणि जुईनं तो पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून जमिनीलगत असा काढला की बेसवरच्या आमच्या दोन मुलींनी धावून दोन रन काढले. सामना आम्ही एका रननं हरलोच. पण परळ ते लालबाग आम्ही चालत आलो आणि वैजू वाटेत प्रत्येक फाऊल बॉल हातवारे करून पुन्हा खेळून दाखवत होती. येणारे-जाणारे थांबून बघत होते. जुई म्हणत होती, "मावशी, पुरे गं, लोक बघतायत," आणि सगळ्यात जास्त तीच हसत होती.

जुई पुढे जिल्ह्याकडून खेळली, कॉलेजकडून खेळली. आता ती परळलाच एका टॉवरमध्ये नोकरी करते आणि रविवारी सकाळी शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. वैजू निवृत्त झाल्यापासून तिथे न चुकता यायची. वय झालं तरी मुलींना बॉल तीच टाकायची, आणि एखादी फसली की लहान पोरीसारखी खूश व्हायची. जाण्याच्या आदल्या रविवारीही ती तिथे होती. शेवटी घामानं निथळत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आज एकीनं माझा हळू बॉल ओळखला. नववीतली आहे. काय डोळे आहेत गं!" आमचं शेवटचं बोलणं हेच. दुसरं कुठलं असायला हवं होतं असं मला कधी वाटत नाही.

तिचं तेरावं झालं, त्यानंतरच्या रविवारी जुईबरोबर मीही मैदानावर गेले. मुली बॅट घेऊन उभ्या होत्या आणि बॉल टाकायला कुणी नव्हतं. जुई म्हणाली, "मी टाकते. आई, बसशील?" मी कितीतरी वर्षांनी जाळी लावली आणि गुडघ्यांना सांभाळत उकिडवी बसले. जुई आयुष्यात कधी पिचर नव्हती. पहिला बॉल माझ्या डोक्यावरून गेला, दुसरा उजवीकडे. मुली हसायला लागल्या. "आई, काय चुकतंय गं?" तिनं तिथून विचारलं. आणि माझ्या लक्षात आलं, मला माहीत आहे. मी कधी पिचिंग केलं नाही, पण तो हात मी समोरून इतकी वर्षं बघितलाय की डोळे मिटले तरी दिसतो.

"मनगट उशिरा सोडतेस," मी ओरडले, "मांडीजवळ आलं की सोड!"

जुईनं मान डोलावली. खांद्यापासून हात पूर्ण गोल फिरवला. बॉल सरळ आला आणि ग्लोव्हमध्ये असा बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी जाळी वर केली, हात झटकला आणि बॉल तिला परत टाकला.