सोनाबाईचं पागोटं

पोलादअण्णा नृपतुंग बेट्टाच्या टेकडीवरून उडी मारायचा, तो थेट उणकल तळ्याच्या काठावर उतरायचा. उतरताना त्याच्या पायातली चप्पल कधी निसटली नाही, याचं मला लहानपणी फार नवल वाटे. एरवी तो दुर्गदबैलाच्या बाजारात हमाली करायचा, डोक्याला तांबडा रुमाल बांधायचा, आणि वेळ आली की सुटलेली लॉरी एका तळव्यानं अडवायचा. हुबळीतल्या आमच्या समाजाच्या मराठी मासिकाची शेवटची दोन पानं त्याच्या चित्रकथेची. अंक घरात आला की सगळे तो मागून उघडत. पुढं अध्यक्षांचे फोटो असत, ते नंतर सावकाश बघायचे, नाहीतर राहूनच जायचे.

अण्णाला जन्म दिला पांडुरंगकाकांनी. काकांचं दुर्गदबैलात पाट्या रंगवायचं दुकान होतं. विमल ही त्यांची एकुलती एक मुलगी. विद्यानगरात ती माझ्या शेजारी राहते, नवरा बेलूरला कारखान्यात आहे, आणि ती घरी मुलांना चित्रकला शिकवते. शेवटच्या वर्षांत काकांचा हात थरथरायला लागला. ते पेन्सिलीनं हलत्या रेघा काढत आणि विमल त्या शाईनं सरळ करी. नाव काकांचंच छापलं जाई. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माझं काय त्यात? मी नुसती गिरवते."

काका अंथरुणाला खिळले तेव्हा तिला म्हणाले, "विमे, माझ्यामागं अण्णाला काढू नको. तो माझ्या हातचा. तुझा तू काढ."

"माझा म्हणजे कोण, अप्पा?"

"ते मला काय विचारतेस?"

काका गेले. आमच्यात तेराव्याला सोयऱ्यांनी आणलेलं पागोटं वारसाच्या डोक्याला बांधतात. मग दुखवटा सुटला आणि त्या जागेवर पुढचा माणूस बसला असं सगळे धरतात. काकांना मुलगा नाही, म्हणून पाटावर पुतण्या उमेशला बसवलं. विमलचे पुंडलिकमामा अळणावरजवळच्या खेड्यातून पागोटं घेऊन आले होते, त्यांनीच ते बांधलं. विमल तेव्हा आत पंगतीची भाजी बघत होती. दुकान उमेशकडं गेलं. तिथं आता फ्लेक्स निघतात. मासिकातली दोन पानं कुणी मागितली नाहीत, ती तेवढी विमलकडं राहिली.

तिनं वडिलांचा शब्द पाळला. उतारावर सुटलेली लॉरी अडवताना पोलादअण्णा गेला, असं तिनं काढलं. लॉरी थांबली, माणसं वाचली, आणि रस्त्यावर तांबडा रुमाल पडलेला. ते चित्र बघून मी अंक मिटला आणि देवापुढं जाऊन बसले. चित्रातल्या माणसासाठी असं बसतात का, मला माहीत नाही. मी बसले.

पुढच्या अंकात त्याच्या जागी सोनाबाई आली. बुटकी, जाड, पन्नाशी उलटलेली, डोळ्यांना चष्मा, नऊवारी नेसलेली, गुडघे धरून चालणारी. दुर्गदबैलात हातगाडीवर आलं-लसूण विकणारी. तिला उडता येत नाही. तिची शक्ती एवढीच की तिनं एकदा मुठीत धरलेलं सुटत नाही. अण्णा लॉरी पुढून अडवायचा, ही मागून धरते.

आणि मग फोन सुरू झाले. कुणी म्हणालं चेष्टा चालवलीय, कुणी म्हणालं वर्गणी बंद. मासिकाचे संपादक श्रीकांतशेठ, कापडाचे व्यापारी, स्वतः विमलच्या घरी आले. मी तिथंच होते. त्यांनी चहा घेतला, पण बिस्किटाला हात लावला नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट सांगायला आलेत.

"विमल, अजून एक अंक बघतो. लोकांचं असंच राहिलं तर ती पानं वधू-वर सूचनांना देऊन टाकू. मागणी आहे त्याची."

शेठबरोबर आलेला उमेश म्हणाला, "अक्का, ऐक माझं. तिला जरा बारीक कर. वय कमी कर. चष्मा काढ."

"मग लसूण कोण विकणार?"

"लसूण कशाला पाहिजे? मोबाइलचं दुकान दे तिला."

"तुझ्या दुकानात घे मग तिला कामाला," विमल म्हणाली. उमेश हसला, पण ती हसली नाही. शेठ गेल्यावर ती टेबलावरचे ब्रश धुऊ लागली. ते आधीच धुतलेले होते. अप्पांनी सोपवलेली एवढी एकच गोष्ट तिच्याकडं होती, आणि आता तीही जाणार होती.

दुसरी कुणी असती तर घरात रडत बसली असती, नाहीतर सोनाबाईला बारीक करून मोकळी झाली असती. विमलनं पिशवीत अंक घातले आणि मला म्हणाली, "चल, बाजारात जाऊ. ज्यांनी ज्यांनी फोन केले त्यांना विचारते, नेमकं काय खुपलं."

आम्ही दुर्गदबैलात दुकानं पालथी घातली. ती प्रत्येकासमोर अंक ठेवून विचारायची, "बाई आहे म्हणून नको काय?" लोक चाचरायचे. समोर आल्यावर कुणाच्या तोंडून नीट कारण निघेना. शेवटी धान्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या इंदुमतीअक्कांनी तिला आत बोलावलं, पोत्यावर बसवलं आणि चष्मा सावरत म्हणाल्या, "बाई असू दे गं. बाईचं काय एवढं? इथं गल्ल्यावर कोण बसलंय? पण तुझ्या अण्णाचे दिवस कुणी घातले?"

"म्हणजे?"

"माणूस रस्त्यात मेला. पुढच्या पानावर बघते तर ही लसणाची गाडी लावून उभी! सुतक नाही, तेरावं नाही, पागोटं नाही. तुझ्या बापानं एवढी वर्षं ज्याला घरचा माणूस करून ठेवला, त्याला तू असा वाऱ्यावर सोडलास? आणि ही कोण, कुठली, कुणी बसवली तिला? आम्ही काय समजायचं?"

विमल अंकाची पानं मागं-पुढं करून बघू लागली. मग अक्काच म्हणाल्या, "माझे मालक तो अंक वाचून जेवले नाहीत. काय गं, बरोबर बोलते का मी?" शेवटचं मला उद्देशून होतं. मी मान हलवली, कारण मीही त्या दिवशी देवापुढंच बसले होते.

परत येताना रिक्षात विमल म्हणाली, "एवढं साधं मला कसं सुचलं नाही गं?" उतरताना पुन्हा म्हणाली, "घरात नुकतंच सगळं झालं होतं. मीच तर रांधलं होतं."

तेरावं काढायचं ठरलं. तिनं शेठना फोन केला, तर तिकडून आवाज चढला. "बाईला पागोटं? कुठं बघितलंयस? मासिक घराघरांत जातं, विमल! लोक मला विचारतील."

"विचारू देत. तुम्हीच एक अंक दिलाय ना? त्यात काय काढायचं ते माझं मी बघते."

पण बाईच्या डोक्याला पागोटं कसं बसतं, पदर कुठं राहतो, बांधणारा कसा वाकतो, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. पाहिल्याशिवाय ती काढत नाही. म्हणून आम्ही दोघी अळणावरची बस धरून पुंडलिकमामांकडं गेलो. मामा गोठ्यात होते. हातपाय धुऊन आले, सगळं ऐकून घेतलं आणि मामींना म्हणाले, "ऐकलंस? लसूणवालीचा मामा करायला आलीय मला."

"होता का नाही ते सांगा," विमल म्हणाली.

"होतो की. पण बांधू कुणाला? तुझी सोनाबाई आणलीयस काय सोबत?"

विमलनं माझ्या हातात मोबाइल दिला, फोटो काढ म्हणाली, आणि स्वतः पाटावर बसली. "मला बांधा. नुसतं चित्रासाठी."

मामांनी पेटीतून पांढरं धोतर काढलं. पदर तिच्या डोक्यावर नीट ओढला, आणि त्यावरून पहिला वेढा घातला. पहिल्या वेढ्यापर्यंत गंमतच चालली होती. मामी म्हणत होत्या, घट्ट बांधा, नाहीतर लसणाच्या गाडीत पडेल. मग मामांचे हात मंदावले. त्यांनी मध्येच मामींकडं कुंकू मागितलं. मामी उठून करंडा घेऊन आल्या. मामांनी विमलच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला.

"मामा, चित्रात नारळ नकोय."

"असू दे. हे चित्राचं नाही," मामा म्हणाले. "त्या दिवशी तू आत भाजी ढवळत होतीस. मी बाहेर पागोटं हातात धरून उभा. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण एवढी माणसं बसलेली. धीर झाला नाही, पोरी."

विमल त्यांच्या पाया पडली. मी काढलेले फोटो सगळे हलले होते. ती म्हणाली, राहू दे, मला कळलं आता कसं असतं ते.

पुढच्या अंकात दोन्ही पानं भरून अण्णाचं तेरावं आलं. मधोमध सोनाबाई पाटावर, गुडघे दुखतात म्हणून एक पाय सोडून बसलेली. पदरावरून पागोटं, कपाळाला कुंकू, ओटीत नारळ. बांधणारे मामा हुबेहूब पुंडलिकमामा. आणि भोवती सगळं दुर्गदबैल: शेठ, इंदुमतीअक्का आणि त्यांचे मालक, उमेश, हमाल, रिक्षावाले. शेवटच्या चौकटीत ही सगळी माणसं सोनाबाईला हाताला धरून तिच्या गाडीपाशी नेतात आणि गाडी उघडायला लावतात. तेराव्यानंतर दुकान उघडतात तसंच.

अंक पोचला तसे फोन पुन्हा सुरू झाले. श्रीकांतशेठनी विमलला बोलावून घेतलं. टेबलावर अंक उघडाच होता.

"माझं नाक एवढं आहे काय?"

"आहे, शेठ."

"हं. दुकानातली पोरं हसतात." त्यांनी अंक उचलून पुन्हा बघितला. "लोकांची तक्रार मिटली. त्या वधू-वर सूचना आतल्या पानांत घेतल्यात. पण एक सांग, ही सोनाबाई लॉरी मागून धरते ते ठीक. रेल्वे धरेल काय?"

"गुडघे बघून सांगते," विमल म्हणाली.

इंदुमतीअक्कांची मात्र अजून तक्रार आहे. तेराव्याच्या पंगतीत विमलनं बुंदी दाखवली आहे, आणि त्यांचं म्हणणं, पोलादअण्णासारख्या माणसाला पुरणाची होळगीच पाहिजे होती, तीही तुपात बुडवून. विमलनं चूक कबूल केली आहे. चित्रकथेच्या खाली आता तिचं नाव छापतात.