पहिल्या भाषेचा रकाना

२ ऑक्टोबर, गुरुवार. भारतात सुट्टी, आमच्याकडे शाळागणनेचा दिवस. त्या दिवशी पटावर असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद सरकारकडे पाठवायची असते: वंश कोणता, पहिली भाषा कोणती, जेवण फुकट मिळतं का. लंडनच्या ईलिंगमधल्या एका माध्यमिक शाळेत हे काम माझं. शाळा अकॅडमी आहे, म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार ट्रस्टचा. ट्रस्टला दर सत्राला आणखी एक आलेख लागतो, कोणत्या गटाची मुलं किती पुढे गेली याचा. त्यात इंडियन गटाचा खांब कायम उंच. त्यामुळे मीटिंगमध्ये त्या गटाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मी रिकामे रकाने भरत बसले होते, तेवढ्यात उपमुख्याध्यापिका आल्या. यर एटचे, म्हणजे आपल्या सातवीचे, गणिताचे गट नव्याने पाडायचे होते आणि नागपूरहून वर्षभरापूर्वी आलेल्या एका मुलीला शेवटच्या, सगळ्यात कच्च्या मुलांच्या गटात टाकणार होत्या. शेवटच्या गटातली मुलं पुढे दहावीसारख्या परीक्षेत सोपा पेपर देतात, आणि त्या पेपरात नऊपैकी पाचच्या वरची ग्रेड मिळतच नाही. म्हणजे बाराव्या वर्षीच एक दार बंद. शिवाय तिला शिकण्यात काही अडचण आहे का, याची तपासणीही करायची होती. त्यांचा हिशेब सरळ होता. पहिली भाषा इंग्रजी, घरचं बरं, तरी मुलगी मागे. मग दुसरं काय असणार?

मुलगी मला माहीत होती. पहिल्या आठवड्यात तिने जेवणाचं कार्ड हरवलं होतं. रिसेप्शनवरची बाई विचारून थकली, ही गप्प. मी मराठीत विचारल्यावर कुठल्या वर्गात, कुठल्या बाकावर बसली होती, शेजारी कोण होतं, सगळं घडाघडा सांगितलं. गणितही येत होतं तिला, वहीत दिसायचं. नुसती आकडेमोड दिली की बरोबर, शब्दांत घातलेलं उदाहरण आलं की पान कोरं.

आईवडिलांनी प्रवेशाच्या फॉर्मवर पहिली भाषा इंग्रजी का लिहिली, हे मला लगेच कळलं. आपल्याकडे ‘प्रथम भाषा’ हा परीक्षेचा विषय असतो. माझ्या मार्कशीटवर प्रथम भाषा मराठी होती. इंग्लिश मीडियमच्या मुलांची इंग्रजी असते. आईवडिलांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं.

उपमुख्याध्यापिकांना मी हे समजावलं. त्या म्हणाल्या, आईवडिलांनी सांगितलेलं आपण बदलू शकत नाही, त्यांनी बदललं तर बघू. मी फोन लावला. वडील सॉफ्टवेअरमध्ये, पुण्याच्या टीमला सुट्टी असल्याने त्या दिवशी मोकळे होते. शाळा सुटताना आईवडील दोघंही आले.

मी सगळं सांगितलं. वडील शांतपणे ऐकून म्हणाले, “मॅडम, फर्स्ट लँग्वेज इंग्लिशच आहे तिची. मराठी थर्ड होती. मार्कशीट दाखवू?”

मी म्हटलं, इथे विषय विचारत नाहीत. लहानपणी घरात कानावर काय पडलं, ते विचारतात.

“म्हणजे तिला इंग्रजी येत नाही, असं लिहून देऊ? केजीपासून इंग्लिश मीडियममध्ये आहे ती.”

येत नाही असं नाही, वर्गात अजून पुरत नाही एवढंच, असं मी म्हटलं. मदत मिळेल, शेवटच्या गटात टाकणं थांबेल. माझीही मुलगी इथेच शिकते, असंही सांगितलं. त्यांना ते पटेना. रेकॉर्डवर राहील, पुढे आड येईल, असं त्यांचं चाललं होतं. मग मला म्हणाले, “तुमच्या मुलीचं काय लिहिलं होतं तुम्ही?”

“मराठी.”

“आणि आता काय बोलते ती?”

“इंग्रजी. मला अजून ‘माझा आई’ म्हणते.”

ते हसले. मला वाटलं, जमलं. पण उठता उठता म्हणाले, घरी बोलून कळवतो. आपल्याकडे याचा अर्थ नाही असाच होतो.

दाराशी थांबून आईने मला विचारलं, “सही दोघांची लागते का?”

“एकाची चालते.”

वडिलांनी दार धरून ठेवलं होतं. “बघू,” ते म्हणाले.

ते गेल्यावर मी भाषेच्या शिक्षिकेकडे गेले. घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकवायला अख्ख्या शाळेत ती एकटीच. ती म्हणाली, तुमच्या मुलांचे आकडे चांगलेच असतात, त्यांना माझी काय गरज? मी तिला मुलीची वही दाखवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि मला वेळापत्रक दाखवलं. एकही जागा रिकामी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तेव्हा आई रिसेप्शनपाशी एकटीच उभी होती. “मी सांगून राहिली ना, मराठी लिहा,” ती म्हणाली.

“घरी माहीत आहे?”

“संध्याकाळी कळेल.”

संध्याकाळी काय होईल, ते मी विचारलं नाही. तिने सही केली, मी रकान्यात मराठी भरलं. मग उपमुख्याध्यापिकांना गाठलं. त्या म्हणाल्या, तिचा गट नाताळपर्यंत बदलत नाही, त्यापुढचं सांगू शकत नाही. भाषेच्या शिक्षिकेने विचारलं, “तास कोणाचा काढू? तूच सांग.” मंगळवारचा तास एका सोमाली मुलीचा होता. ती उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आलेली, तिला इंग्रजी हिच्याहूनही कमी येत होती. मी म्हटलं, दोघींना एकत्र बसव. शिक्षिका म्हणाली, म्हणजे दोघींना अर्धाच मिळणार. मी हो म्हटलं आणि उरलेले रकाने भरायला परत आले.