पॅरिसच्या गर्दीत हरवलेलं बाळ

मागच्या उन्हाळ्यात पॅरिसच्या एका संग्रहालयात एक बाळ हरवलं होतं. ते बाळ म्हणजे मी. वय चौपन्न, मिशी पिकलेली, उस्मानपुऱ्यात स्वतःचं चष्म्याचं दुकान.

आमची मुलगी तिकडं नोकरीला आहे. तिनं मला, बायकोला आणि माझ्या आईला हौसेनं बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी ऑफिसला निघताना ती म्हणाली, "पप्पा, तिथं एक चित्र आहे, त्याच्यापुढं लई गर्दी असते. आजीला जपा."

"दिवाळीच्या सुट्टीत वेरूळची लेणी बघणाऱ्या माणसाला तू गर्दी सांगतेस?" मी म्हणालो.

संग्रहालयात शिरल्याबरोबर सुनीता, म्हणजे आमची बायको, बाथरूमच्या रांगेला लागली. (ती रांगही चित्राच्या रांगेएवढीच होती.) मी आईचा हात धरून चित्राच्या दालनात घुसलो. समोर नुसती डोकी, आणि डोक्यांवर मोबाइल. चित्र टपाल तिकिटाएवढं दिसत होतं. फोटो काढावा म्हणून मी दोन्ही हात वर केले, तेवढ्यात मागून एक मोठा थोरला जथा आला आणि मला उचलून पलीकडच्या दारातून बाहेर घेऊन गेला. पाय जमिनीला लागले तेव्हा समोर एक मुंडकं नसलेला पुतळा होता आणि शेजारी आई नव्हती.

आईकडं मोबाइल नाही. तिचं इंग्रजी म्हणजे थँक्यू, टॉयलेट आणि बेबी. मागं वळावं तर रखवालदार दारात आडवा. त्या दारानं फक्त बाहेर यायचं म्हणे.

"माय मदर लॉस्ट," मी रडवेल्या आवाजात सांगितलं. "ओल्ड. व्हाइट साडी."

त्यानं वॉकीटॉकीवर कुणाला तरी विचारलं. पलीकडचं ऐकता ऐकता त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग माझं मनगट धरलं आणि चालायला लागला.

त्यानं मला एका छोट्या खोलीत नेलं. भिंतीवर हत्ती-जिराफ, खाली बुटक्या खुर्च्या, टेबलावर रंगीत खडू आणि टेबलापलीकडं एक गोरी बाई. खिडकीपाशी आई निवांत बसलेली, आणि बाथरूमच्या रांगेतून सुटून तिला येऊन मिळालेली सुनीता तोंडाला पदर लावून हसत होती.

"कुठं होतास रे?" आई म्हणाली. "मी या बाईला सांगितलं, माय बेबी लॉस्ट. लई चांगली माणसं. लगेच शोधायला पळाली सगळी."

"आई, बेबी म्हणजे तान्हं पोर."

"मग तू कुणाचं पोर हायेस?"

त्या गोऱ्या बाईनं माझ्याकडं बोट करून शंकेनं विचारलं, "बेबी?"

"व्हय, हाच," आई म्हणाली. "जरा थोराड दिसतो."

"चित्र तरी दिसलं का तुला?" मी आईला विचारलं.

"दिसलं की. त्यांनी दोरी काढून मला पार म्होरं नेलं. एक बाई बसलीय नुसती. हसती का नाय, तेवढं कळंना."

मी हिरमुसून एका बुटक्या खुर्चीत बसलो. गुडघे हनुवटीला टेकले. त्या बाईला माझी दया आली असावी. तिनं कपाटातून संत्र्याच्या रसाचा छोटा डबा काढला, त्यात स्ट्रॉ खोचली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून तो माझ्या हातात दिला.

मी तो संपवला, आणि दुसरा मागितला.