हट्ट्याचं येसर, कळमनुरीचं येसर

पदार्थाचं गाव न विचारता घास गिळणारा माणूस आमच्या मामासासऱ्यांच्या हिशेबी माणूसच नव्हे, फार तर शेळी. पुण्यात एकदा त्यांना चांगल्या हॉटेलात नेलं, तर ठेच्याकडे बोट दाखवून त्यांनी वेटरला विचारलं, "मिरची कुठली?" तो बिचारा म्हणाला, "किचनमधली." मामांनी ताट बाजूला सारलं आणि उरलेला वेळ शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाला करडईचं तेल कसं ओळखायचं ते शिकवलं. नरसीला देवदर्शनाला नेतात, तेव्हा देवळात पाच मिनिटं आणि रस्त्यावरच्या भजीवाल्याकडे अर्धा तास. कांदा कुठला, बेसन कुणाच्या गिरणीचं, सगळी चौकशी झाल्यावरच पहिलं भजं उचलायचं. तोवर आपली भजी गार!

माझ्या लग्नात तर कहर केला. हळद लावायला म्हणून आले, माझ्या गालावरची हळद बोटानं पुसून सगळ्यांसमक्ष जिभेवर ठेवली आणि जाहीर केलं, "ही वसमतची न्हाई. म्हणूनच जावईबापू फिके दिसून राहिले." आमच्याकडची मंडळी तोंडाला रुमाल लावून हसत होती. मामा मात्र गंभीर. खिशातून स्वतःची पुडी काढून त्यांनी मला परत पिवळं केलं. अशा माणसाचा राग तरी कसा यावा?

त्यांच्या या नादाची खरी झळ बसली ती मामींना, आणि तीही येसरापायी. आमच्या भागात कार्य म्हटलं की येसराची आमटी हवीच. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, मिरच्या, मसाले भाजून दळलेलं हे पीठ. घराघराचं प्रमाण वेगळं, आणि बाई ते माहेराहून शिकून येते. मामींचं माहेर कळमनुरी, मामांचं मूळ गाव हट्टा. झालं! तीस-बत्तीस वर्षं हिंगोलीच्या त्या घरात मामींनी आमटी वाढली की मामा भुरका मारून म्हणणार, "झक्कास! पण कळमनुरीचं." त्या 'पण'साठी मामींनी त्यांच्या डोक्यात पळी कशी घातली नाही, देव जाणे. घरात कार्य निघालं की येसर हट्ट्याहून यायचं, मामांच्या चुलत बहिणीकडून.

गेल्या वर्षी मामांच्या धाकट्या लेकीचा साखरपुडा ठरला. जेवण घरीच. मामी माझ्यासमोर म्हणाल्या, "लगीन तर कार्यालयात व्हनार. हे शेवटचं कार्य हाय आपल्या घरातलं. एवढ्या बारीला तरी माझं येसर पडू द्या." मामा म्हणाले, "अन् पाव्हण्यांनी इचारलं तर काय सांगू? कळमनुरीचं म्हणून?" मामी तांदूळ निवडत बसल्या, आणि निवडलेलेच परत निवडत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

आदल्या दिवशी मामा हट्ट्याला जाऊन डबा भरून येसर घेऊन निघाले. आता हा माणूस भरलेला डबा मांडीवर घेऊन गप्प बसेल का? एसटीत शेजाऱ्याच्या तळहातावर चिमूट, कंडक्टरच्या तळहातावर चिमूट. जवळा बाजारला ओळखीचे चार जण भेटले, त्यांना पुड्या बांधून दिल्या. औंढ्याला हॉटेलवाल्याकडून उकळतं पाणी मागून बाकावरच्या सगळ्यांना आमटी करून दाखवली. घरी येऊन डबा उघडला तर तळाला मूठभर पीठ! पन्नास पानं उठायची होती. मामा डब्याकडे बघतच राहिले. "च्यायला, लोकांनी लई खाल्लं की!" म्हणाले. मामींनी फळीवरची स्वतःच्या येसराची बरणी खाली घेतली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पाहुणे आमटीवर आमटी मागत होते. मामींनी वाढायला येण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहणं पसंत केलं. व्याही भुरका मारून म्हणाले, "पाव्हणं, येसर कुठलं हो? असलं न्हाई खाल्लं आमी." मामांच्या हातात वाढायची बादली होती. त्यांनी हट्टा म्हणायला तोंड उघडलं, असं मला आपलं वाटलं. मग दाराकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "घरचं हाय. आमच्या घरचं."

मी आनंदानं मामींकडे धावलो. त्या ओट्याशी बसून पदरानं डोळे पुसत होत्या. "मामी, जिंकलात की वो तुमी!"

"व्हय," त्या हसल्या. पण डोळे थांबेनात. "बराबर बोलले ते. पण जावईबापू, आई गेली, भाऊ पुण्याला गेला, घर इकलं. या घरात कळमनुरीचं नाव रोज घेणारं एकच माणूस व्हतं. आता तेबी न्हाई घेणार का काय?"

पाहुणे गेल्यावर मी हे मामांना सांगितलं. ते अंगणात रिकामी बादली विसळत बसले.  शेवटी हळूच विचारलं, "मंग म्या काय म्हणायला पाहिजे व्हतं, जावईबापू?"